बाईला दोन, पुरुषाला तीन

हिंटरलेन
संत मार्टिनच्या सणानंतरचा गुरुवार

आदरणीय भावोजी,

(पाकिटावर मी 'पूज्य फादर एगिडियस, ग्रंथपाल' असंच लिहिलं आहे, मठाच्या दारावरच्या ब्रदरला शंका यायला नको म्हणून. पण आत तुम्ही माझ्या इग्नात्सचे थोरले भाऊ कास्पर आहात. घंटाघराच्या जिन्यात बसून चेरी खाताना आणि बिया खालून जाणाऱ्या पाद्रीबाबांच्या टोपीवर नेम धरून टाकताना ज्यांना मी पाहिलं आहे, त्यांना 'पूज्य' लिहिताना पेन जरा अडतं.)

तुमचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं मार्मोटच्या, त्या डोंगरी खारीच्या, चरबीचं मलम पोहोचलं, पण स्वयंपाकघरातल्या ब्रदरनी ते पावाला लावून सगळ्यांना वाढलं, असं तुमच्या पत्रातून कळलं. ते पोटात गेलं तरी अपाय नाही, मात्र गुडघ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल. या वेळी डबीवर कवटीचं चित्र काढून पाठवते आहे.

माझं बरं चाललं आहे. इग्नात्सला जाऊन या संत मार्टिनला दोन वर्षं झाली. सणाचा हंस भाजला नाही, एकटीसाठी हंस जास्त होतो. त्याची टोपी अजून दारामागच्या खिळ्यावर आहे. शनिवारी ब्रशने झाडते आणि परत टांगते. त्याबद्दल एवढंच.

आता उभे असाल तर बसा. आपल्या गावात गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी एकच माणूस मेला, पण संध्याकाळपर्यंत गाव चौघांसाठी रडून मोकळं झालं होतं. ते सगळं माझ्यामुळे झालं. माझ्यामुळे म्हणजे एका स्टुलामुळे, पण स्टुलाला चर्च समितीपुढे उभं करता येत नाही.

मठात तुम्ही सगळेच पुरुष, त्यामुळे आपल्याकडची रीत तुम्ही विसरला असाल. गावात कुणी गेलं की छोटी घंटा वाजते. मूल असेल तर एक फेरी, बाई असेल तर दोन, पुरुष असेल तर तीन, आणि मधे एका प्रार्थनेएवढी शांतता. पहिली फेरी सुरू झाली की सगळे हातातलं काम ठेवतात, पुरुष टोप्या काढतात. दुसरी संपली की गाव श्वास रोखून थांबतं. तिसरी सुरू झाली तर टोप्या हातातच राहतात. नाही झाली तर टोप्या परत डोक्यावर आणि कुऱ्हाड परत लाकडात. घंटाघराच्या त्या अरुंद खिडकीतून मी हे लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. दुसऱ्या फेरीनंतर सगळ्या टोप्या एकदम वर जातात, बटाट्याच्या शेतातले कावळे एकदम उठावेत तसं दिसतं. आधी मला त्याची गंमत वाटायची. माझी आई गेली तेव्हा मी त्याच खिडकीत उभी होते, इग्नात्स दोरी ओढत होता. त्या दिवसापासून गंमत वाटत नाही.

तर मंगळवारी गाल्लुस गेला. लाकडाच्या वखारीचा गाल्लुस, जो इतकी वर्षं सरपंच होता की नवा सरपंच आला तेव्हा पोस्टमन सवयीने त्याला गाल्लुसच म्हणायचा. त्याची बायको अफ्रा शाल गुंडाळून स्वतः सांगायला आली. मी तिला बसवलं, घोटभर श्नाप्स दारू दिली, आणि किल्ली घेऊन निघाले.

दोरीवरची गाठ तुम्हाला आठवत असेल. हात घसरू नये म्हणून तुमच्या वडिलांनी शोधून काढलेली ती तीन पेडांची गाठ, जी त्यांनी फक्त तुम्हा दोघा भावांना शिकवली. इग्नात्सने ती आपल्या उंचीला बांधून घेतली होती आणि मी उंचीने त्याच्या कोपरापर्यंतच. त्याचा खांदा आखडला तेव्हापासून दोरी मीच ओढते. (कागदोपत्री शेवटपर्यंत तोच चर्चचा घंटेवाला होता. मी त्याची बायको होते, आणि आता त्याची विधवा आहे. घंटा वाजवणारी असं मला कुठे कुणी लिहिलेलं नाही.) म्हणून मी गाईची धार काढायचं तीन पायांचं स्टूल घंटाघरात नेऊन ठेवलं आहे. त्यावर चढलं की गाठ हाताशी येते.

पहिली फेरी सुंदर झाली. दुसरीही. तिसरीसाठी हात वर केला आणि स्टुलाचा एक पाय गेला. (तिघांतला एक गेला, म्हणजे स्टूलही बाईच्या हिशेबात आलं.) मी मेणबत्त्यांच्या खोक्यावर पडले, घोटा वळला, आणि छताकडे बघत पडून राहिले. उठायला गेले तर डोळ्यांपुढे काजवे. बाहेर गाव मोजत होतं, आणि जेव्हा मी भिंत धरून उभी राहिले तेव्हा मोजून झालं होतं. खिडकीतून टोप्या वर जाताना दिसल्या.

दोन म्हणजे बाई. आणि मरणाच्या रांगेत बायकांमध्ये सगळ्यात पुढे कोण, हे आपल्या गावात शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. म्हातारी फिलोमेना, वय त्र्याण्णव. तिचा मुलगा क्विरीन तुमच्या वर्गात होता, तुम्ही त्याच्या दप्तरात बेडूक ठेवला होता. तो आता चर्च समितीचा अध्यक्ष आहे, अग्निशमन दलाचा प्रमुख आहे आणि बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. टोपी बदलली की पद बदलतं, आवाज तोच राहतो. त्या दिवशी तो डेअरीच्या दारात उभा होता. पहिल्या फेरीला त्याने टोपी काढली. दुसरीनंतर इतरांबरोबर परत घातली. मग त्याच्या लक्षात आलं की ही आपली आई असणार, तेव्हा त्याने ती पुन्हा काढली. हे डेअरीतल्या सगळ्यांनी पाहिलं, आणि आपल्या गावात जे डेअरीत पाहिलं ते चर्चमध्ये जाहीर केल्यासारखंच असतं.

अर्धं गाव मेणबत्त्या आणि अक्रोडाचे पाव घेऊन फिलोमेनाच्या दारात. सुतार माप घ्यायची पट्टी घेऊन सगळ्यांच्या पुढे. दार उघडलं फिलोमेनानेच, कोपरापर्यंत कणीक लागलेली.

"कोण गेलं गं?" तिने विचारलं.

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. शेवटी सुतार म्हणाला, "आजी, तुम्हीच."

"मी? मला कुणी सांगितलं नाही."

"दोन वाजल्या ना."

"दोन वाजल्या म्हणजे मीच का? बाकीच्या बायका काय अमर आहेत?" एवढं बोलून तिने सगळे अक्रोडाचे पाव आत घेतले. (परत एकही दिला नाही. आणलंय तर राहू दे, म्हणाली.) मग सुताराला थांबवलं. "आलाच आहेस तर माप घेऊन जा. पायाशी जरा सैल ठेव, मला अडकलेलं आवडत नाही."

इकडे मी घोट्याला फडकं बांधून अफ्राकडे गेले. ती गाल्लुसपाशी एकटीच बसली होती. दारावरून माणसं मेणबत्त्या घेऊन घाईघाईने जाताना तिला खिडकीतून दिसत होती, आत कुणी येत नव्हतं. मला पाहून म्हणाली, "बुर्गल, माझ्या नवऱ्याला बाई केलंस तू." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात हलवून मला गप्प केलं. "असू दे. एक दुपार बाई होऊन बघू दे त्याला. एवढ्या वर्षांत त्याला ते कधी सुचलं नव्हतं." मग ती रडली, आणि मी तिच्या शेजारी बसले. त्या दोन वाक्यांसाठी मी आणखी दहा स्टुलांवरून पडायला तयार आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण गाल्लुस हा सरपंच, आणि सरपंचाला दोनच फेऱ्या मिळाल्या हे क्विरीनला सहन होईना. तो मला घंटाघरात घेऊन गेला.

"राहिलेली तिसरी वाजव," तो म्हणाला.

मी म्हटलं, "एकटी तिसरी वाजवली तर ती पहिली होते."

"वाजव म्हणतो ना, बुर्गल."

मी मेणबत्त्यांच्या खोक्यावर चढून एक फेरी वाजवली. एक फेरी म्हणजे मूल. भावोजी, आपल्या गावातल्या आया इतक्या वेगाने पळताना मी आगीच्या वेळीही पाहिल्या नाहीत. कुणी ओढ्याकडे, कुणी गोठ्याकडे, सगळ्या शेवटी शाळेत. मास्तरांनी मुलांना भिंतीशी उभं करून मोजलं, तर एक जास्तच भरलं. (वरच्या वाडीतला पोरगा होता, अंडी द्यायला आला होता आणि कुणी उभं राहा म्हटलं म्हणून उभा राहिला.) मग क्विरीन घामाघूम होऊन परत आला आणि म्हणाला, आता पहिल्यापासून नीट तीन वाजव, म्हणजे सगळं स्पष्ट होईल. मी नीट तीन वाजवल्या. सगळं इतकं स्पष्ट झालं की प्रत्येक बायको आपापला नवरा शोधायला निघाली. बेकरीवाला दुपारचा झोपलेला असतो. त्याच्या बायकोने बादलीभर पाणी ओतून त्याला जिवंत केलं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. घंटा वाजवता येते, पण वाजलेली परत घेता येत नाही.

झालं. रविवारी चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेनंतर आपल्या पाद्रीबाबांच्या, फादर योडोक यांच्या, जेवणघरात समितीची सभा. सात पुरुष. (बायकांपैकी मी एकटी, कारण शेगडी पेटवणं माझ्याकडे असतं. समितीत एक बाई घ्यावी अशी सूचना मागे आली होती, फुलांसाठी. पण फुलं तर ती समितीत नसतानाही लावतेच, असं निघालं, आणि विषय संपला.) क्विरीनने शहरातून एका विक्रेत्याला बोलावून ठेवलं होतं. घंटेला विजेची मोटार बसवायची. दोरी नको, गाठ नको, स्टूल नको, आणि ओघानेच मीही नको. दोरी काढून जत्रेत रस्सीखेचीला वापरू, असंही कुणीतरी म्हणालं. मी शेगडीत लाकडं घालत होते. जरा जास्तच घातली गेली.

विक्रेत्याने एक राखाडी पेटी टेबलावर ठेवली. तिला तीन बटणं. एकावर टोपीचं चित्र, एकावर डोक्याच्या रुमालाचं, एकावर बाळाच्या झबल्याचं. टोपीचं दाबलं की तीन, रुमालाचं दाबलं की दोन, आपोआप. चूक होणं शक्यच नाही, तो म्हणाला. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही, "पहिली दोन बटणं सारखी वाजवता येतील का?"

"येतील की. पण मग दोन बटणं कशाला?"

"तेच म्हणते मी."

तो हसला. चांगला माणूस आहे. बाकी कुणी हसलं नाही.

मग मी सरळच विचारलं की बाईला दोन आणि पुरुषाला तीन का. हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी स्वतःला विचारलं नसावं, कारण प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. फादर योडोक म्हणाले, तीन हा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीचा आकडा. मी म्हटलं, मग बायकांच्या वेळी तिघांपैकी कोण रजेवर असतं? ते लाल झाले आणि कॉफीत साखर घालत राहिले. (चार चमचे. त्यांना साखर बंद आहे.) मास्तर म्हणाले, पुरुष लांब जंगलात कामाला असतात, त्यांना ऐकू जावं म्हणून. मी म्हटलं, पण वाजते ती मेलेल्यासाठी, आणि तो काही जंगलात नसतो. क्विरीन म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात, म्हणजे उत्तरेला, जिथे भिंतीला ओल आहे. पुरुष उजवीकडे, दक्षिणेच्या खिडक्यांच्या उन्हात. तेही पहिल्यापासून असंच आहे. मी लहानपणापासून समजत होते की बायकांना थंडी जास्त वाजते.

तुम्हाला माहीत आहे, मी शाळा लवकर सोडली, पण वाचनालयातला तो जुना जर्मन ज्ञानकोश मी रात्री वाचते. दुर्दैवाने आधीच्या पाद्रीबाबांनी बदलीच्या वेळी अर्धे खंड बरोबर नेले, त्यामुळे आपल्याकडे 'ए'पासून 'के'पर्यंतच आहे. घंटा म्हणजे 'ग्लॉके', ती 'जी'वर मिळाली. घंटेचा धातू, वजन, मोठ्या घंटा फुटतात कशा, सगळं आहे. कुणासाठी किती फेऱ्या, याबद्दल एक अक्षर नाही. बाई हा शब्दही मिळाला, 'एफ'वर. पण हक्क पुढे राहिले, 'आर'वर. पुरुष 'एम'वर, म्हणून त्यांच्याविषयी मी अडाणीच आहे. विधवा तर 'डब्ल्यू'वर, म्हणजे मी स्वतः कोण हे मला कुणी सांगितलेलंच नाही. हे मी सभेत सांगितलं तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली. हसत होते की काय, दिसलं नाही.

एवढ्यात दार उघडून फिलोमेना आत आली. काठी टेकत, रविवारची काळी टोपी घालून, सुताराच्या हाताला धरून. (दोघांची त्या मापापासून मैत्री झाली आहे.) तिने कुणाला नमस्कार केला नाही.

"मी माझी घंटा ऐकली," ती म्हणाली. "हे अजून कुणाला जमलेलं नाही, म्हणून सांगायला आले. कणकेतून हात काढेपर्यंत संपली. नऊ बाळंतपणं, दोन नवरे, एक लढाई, आणि कणकेतून हात काढायला वेळ नाही?"

"आई, तू घरी चल," क्विरीन म्हणाला.

"तू टोपी परत घातलीस का रे? दुसरीनंतर?"

क्विरीनने टोपी टेबलाखाली घेतली.

"घातलीस. मला सगळं कळलंय."

"सवय असते, आई."

"तेच सांगायला आले मी. सवय असते." ती खुर्चीवर बसली. "माझ्या दोन्ही नवऱ्यांना तीन तीन मिळाल्या. पहिला तर निम्मा वेळ दारूच्या दुकानात असायचा. आता नीट ऐका. हे ठरत नाही तोवर मी मरणार नाही."

समितीतल्या सगळ्यांनी क्विरीनकडे पाहिलं. ही धमकी साधी नाही, भावोजी. फिलोमेना ज्या दोन खोल्यांत राहते त्या क्विरीनच्या घरातल्या भरपूर उन्हाच्या खोल्या आहेत, आणि त्याच्या बायकोने त्यांना भाड्याने राहणाऱ्या उन्हाळी पाहुण्यांसाठी पडद्यांचं कापड आणूनही ठेवलं आहे. हिरवं, बदकांच्या नक्षीचं. सात जणांपैकी तिघे म्हणाले, तीन द्या तिला. तिघे म्हणाले, एकीला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. क्विरीनने मत दिलं नाही. निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला, त्याचं कारण किरकोळ आहे, त्याने तुम्हाला त्रास देत नाही. मोटारीचंही तेव्हाच ठरेल.

बाकी विशेष काही नाही. बटाटे चांगले झाले. तुमच्या वडिलांच्या कबरीवर दिवा लावला. सहज वाटलं, तुम्हाला कळवावं. मठातल्या सगळ्यांना, आणि विशेषतः त्या स्वयंपाकाच्या ब्रदरना, माझा नमस्कार सांगा. तुमच्या प्रार्थनेत आम्हाला आठवा, इग्नात्सला पहिल्यांदा.

तुमची भावजय,
वालबुर्गा (म्हणजे बुर्गलच)

ता.क. ते किरकोळ कारण सांगते. फादर योडोक म्हणाले, यावर कुणीतरी अभ्यासू माणसाने सांगितलं पाहिजे की धर्मात असा नियम आहे की नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मठाचे ग्रंथपाल फादर एगिडियस यांनी मला कधीच लिहून कळवलं आहे की असा नियम कुठेही नाही. तेव्हा फादर योडोक तुम्हाला येत्या रविवारी मिस्सानंतर फोन करणार आहेत. तुम्ही मला असं काही लिहिलं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण अजून लिहिता येईल. हे मिळाल्याबरोबर टपालात टाकलंत तर शनिवारी पोहोचेल. खोटं बोलायला मी सांगत नाही. तुम्ही शोधा, आणि नियम सापडला तर मात्र जरा हळू शोधा.

ता.क. मठात ज्ञानकोश असेल तर 'एल'पासून पुढचे खंड काही दिवसांसाठी मिळतील का? सगळे जमत नसतील तर 'आर' पाठवा. 'डब्ल्यू' मी अनुभवाने भरून काढते आहे.

ता.क. शनिवार. पोस्टमन आजारी, त्यामुळे हे पत्र अजून इथेच आहे, आणि बरं झालं. आज दुपारी फिलोमेना गेली. सूप प्यायली, खुर्चीत मान टेकली, झालं. ठरलेलं काहीच नव्हतं. शब्द मोडला म्हणून मी तिच्यावर रागावले आहे. क्विरीनची बायको रडत, चपला हातात घेऊन, सगळ्या गावातून धावत माझ्याकडे आली. मी किल्ली घेतली. जिन्यात मला कुणी किती म्हणून विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. मेणबत्त्यांच्या खोक्यावर चढले, मागच्या अनुभवाने त्यावर सरपणाचे दोन जाड ओंडके ठेवून. एक वाजवली. दोन वाजवल्या. मग खिडकीतून खाली पाहिलं. टोप्या वर जायला लागल्या होत्या. मी तिसरी सुरू केली. टोप्या अर्ध्यावरून परत खाली आल्या. भावोजी, इतकं चांगलं मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

अर्थातच गावाने तीन मोजल्या, रडणारी बायको आठवली, आणि क्विरीन गेला असं ठरवलं. अग्निशमन दल गणवेशात, झेंडा घेऊन, त्याच्या दारात उभं. मी लंगडत पोहोचले तेव्हा क्विरीन मोज्यांवरच दारात आला होता.

"मी नाही," तो म्हणाला. "आई."

"मग तीन कशा?" झेंडा धरणाऱ्याने विचारलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, बुर्गल परत चुकली, तिला पुन्हा नीट दोन वाजवायला सांगा. (म्हणजे आणखी एक बाई मारायची. हे लोक काही शिकत नाहीत.)

क्विरीनने माझ्याकडे पाहिलं. टोपी त्याच्या हातात होती. "चूक नाही," तो म्हणाला. "मी अंगणात उभा राहून मोजल्यात. तीनच होत्या. तीनच बरोबर आहेत." मग सुतार म्हणाला, माप माझ्याकडे आहेच, पायाशी सैल, आणि सगळे आत गेले.

हे पत्र डेअरीच्या गाडीबरोबर पाठवते, उद्या सकाळी मिळेल. तेव्हा उद्याच्या फोनचं ओझं तुमच्यावर राहिलेलं नाही. तरी नियम नाही असंच सांगा, नाहीतर गावात एकटी खोटारडी मी ठरेन. मोटारीचा विषय निघाला तर क्विरीन म्हणतो, विक्रेत्याला सांगू की आम्हाला दोनच बटणं हवीत, आणि तशी पेटी बनवायला त्याला पुष्कळ वेळ लागेल. तोवर दोरी माझ्याकडे.

ता.क. एक गोष्ट राहिली, आणि खरं तर गुरुवारी तीच लिहायला बसले होते. सगळे मला म्हणतात, गाठ सोड आणि खाली घे, म्हणजे पडणार नाहीस. मी सांगते, स्टूल जुनं होतं. ती गाठ त्याच्या हाताने काळी आणि गुळगुळीत झाली आहे. सोडली तर ती नुसती दोरी होईल, आणि मला ती बांधता येत नाही. आता जगात ती तुम्हा एकट्यालाच येते. मठाधिपतींना विचारून एक दिवस या. वरची तशीच राहू द्या, तिच्याखाली एक माझ्या उंचीला बांधा. उंची आधी कळायला हवी असेल तर आमच्या लग्नाचा फोटो तुमच्याकडे आहे. त्याच्या उजव्या कोपरापर्यंत.